नरहरीचा हात

लाटण्याचा फटका कोपराखाली बसला, तेव्हा इंदूबाईंना कळ लागण्याआधी आवाज ऐकू आला. वाळकी काडी मोडावी तसा. तवा तापलेला, तव्यावर पोळी अर्धी भाजलेली, आणि त्यांचा नवरा नरहरी हातात लाटणं धरून ओट्यापाशी उभा.

"थोबाड चालवते काय? माह्यासमोर थोबाड चालवते?"

दुसरा फटका खांद्यावर आला. तिसरा त्यांनी परातीवर झेलला, पीठ साऱ्या स्वयंपाकघरात उडालं. चौथा बसायच्या आत त्या मागच्या दारानं अंगणात आणि अंगणातून शेजारच्या रमाबाईंच्या घरात शिरल्या. रमाबाईंनी आधी कडी घातली आणि मग विचारलं, काय झालं म्हणून.

झालं काहीच नव्हतं. नरहरी ताट मागत होता आणि इंदूबाई एवढंच बोलल्या होत्या, "आत्ताच तं जेवले जी तुमी."

मारापेक्षा त्यांनी धास्ती घेतली ती वेगळ्याच गोष्टीची. लाटणं उचलण्याआधी नरहरीनं उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर नेली होती. अंगठ्यानं काहीतरी सोडवल्यासारखं केलं होतं आणि जे सोडवलं ते फळीवर अलगद ठेवलं होतं. घड्याळ. निवृत्त झाल्यापासून नरहरीच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. हाताला मात्र ते काढून ठेवायचं आठवत होतं.

इंदूबाई आर्वीकडच्या. लग्न करून रायपूरला आल्या तेव्हा नरहरी घाटोळे रेल्वेच्या मालडब्यांच्या कारखान्यात फिटर होता. पहिल्या वर्षापासून मार सुरू झाला. भाजीत मीठ कमी पडलं की मार, माहेरचं पत्र आलं की मार, पगार लवकर संपला की मार. मारण्याआधी घड्याळ काढून ठेवायचा, कारण ते सासऱ्यानं लग्नात दिलेलं होतं आणि त्याची काच फुटायला नको होती. पहिल्या खेपेचा सहावा महिना असताना त्याची टाच पोटात बसली. ते मूल राहिलं नाही. दवाखान्यात इंदूबाईंनी मोरीत पाय घसरला म्हणून सांगितलं. तिथल्या नर्सनं मान हलवली. तिनं अशा मोऱ्या पुष्कळ ऐकल्या असतील.

नंतर सुशील झाला. तो सात वर्षांचा असताना नरहरीनं पान्यानं इंदूबाईंच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. त्या दिवशी त्या गळ्यात हात बांधून, दुसऱ्या हाताला पोराला धरून महामायेच्या देवळात गेल्या. रडल्या नाहीत. देवीसमोर बसून त्यांनी मनातल्या मनात साधं सांगितलं : आई, या खेपेला पोरासाठी परत जाते. पुन्हा हात पडला तर त्या घरात राहणार नाही. तू ऐकलं आहेस.

घरी येऊन त्यांनी हेच शब्द नरहरीला उभ्या उभ्या ऐकवले. फळीवरचं घड्याळ घेऊन त्यानं मनगटावर चढवलं आणि ड्यूटीवर गेला.

त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं हात पडला नाही. माणूस बदलला असं इंदूबाई कधी कोणाला म्हणाल्या नाहीत. राग यायचाच. ताट भिंतीवर जायचं, दाराच्या फळीला भोक पडायचं. एकदा भिंतीवर मूठ मारून त्यानं स्वतःचीच बोटं मोडून घेतली आणि महिनाभर डाव्या हातानं जेवला. पण इंदूबाईंच्या अंगाला बोट लागलं नाही. शेवटी शेवटी तर त्या त्याच्याकडे पाठ करून निर्धास्त निजू लागल्या. पाठ करून निजणं ही त्यांच्या लेखी लहान गोष्ट नव्हती.

आणि आता लाटणं.

हाडाच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं. तेलीबांध्याच्या फ्लॅटमधून सुशील आणि त्याची बायको राधिका धावत आले. राधिका बिलासपूरची, घरात हिंदीच बोलायची. सुशीलला मराठी सगळं कळायचं, तोंडातून मात्र हिंदी यायची.

"बस हो गया, आई. तू चल हमारे साथ. इनको कहीं आश्रम में डालते हैं."

"आन् मंग?"

"मंग क्या? मैं सात साल का था, मेरे को सब याद है. पूरा का पूरा."

राधिका प्लास्टरवरून हात फिरवत म्हणाली, "मम्मीजी, आदमी का नेचर नहीं बदलता. इतने साल दबा के बैठे थे, बस."

इंदूबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. "मले पयले समजलं पायजे," त्या म्हणाल्या. "हा जुना नरहरी वापस आला का ही काही बिमारी हाय? जुना असन तं मी आजच निघतो. देवीले सांगून ठेवलं हाय मी. पन बिमार मानसाले सोडून कशी जाऊ, बाप्पा? तसं तं काही बोलली नव्हती मी तिच्यापाशी."

समजून घ्यायचं कारणही होतं. नरहरी विसरू लागला होता. पंडरीच्या बाजारात कापड घ्यायला स्कूटर घेऊन गेला आणि ऑटोनं परतला. मग स्कूटर चोरीला गेली म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन भांडला. स्कूटर दुकानासमोरच उभी होती. कधी कधी मधूनच शून्यात बघत बसायचा, हाक मारली तरी ओ द्यायचा नाही, आणि त्यातून उठला की अंगावर धावायचा.

मेंदूचे डॉक्टर भार्गव वयानं तरुण, बोलायला सावकाश. त्यांनी नरहरीला वार विचारला, महिना विचारला, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. नरहरीनं सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले, आपलं चित्र बघितलं आणि टेबलावर असा बुक्का मारला की डॉक्टरांचा चहा सांडला. रक्त तपासून झालं. डोक्याचा फोटो निघाला, त्यातून वयामुळे मेंदू थोडा आक्रसलाय एवढंच कळलं. मग डॉक्टरांनी समजावलं की हा विसरण्याचा आजार असू शकतो, किंवा मेंदूत आतल्या आत मिरगीचे झटके येत असतील. दोन्हीची औषधं वेगळी. म्हणून मेंदूच्या लहरींची नोंद घ्यायची. डोक्याला वायरी लावून काढतात, दुखत नाही. पण पेशंट जागा पाहिजे आणि शांत पाहिजे.

"शांत," सुशील म्हणाला आणि छताकडे बघू लागला.

लहरी काढणारी पोरगी चेतना. तिचे आईवडील भंडाऱ्याकडचे, त्यामुळे तिच्या तोंडी घरची बोली होती. "काकू, काकांचं डोकं सांपूनं चांगलं धुवून आना. तेलाचा थेंब नको. तेल असलं का वायर चिकटत नाही आन् लहरी भलत्याच येतात."

"आनतो पोरी," इंदूबाई म्हणाल्या.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. एका हातानं दोनदा डोकं धुतलं, पुसलं, आणि तेलाची बाटली नजरेला पडू नये म्हणून फडताळात मागे सारली. त्या पोरीची गरज बरोबर होती आणि इंदूबाईंचं करणंही बरोबर होतं. चुकलं ते एवढंच, की घाटोळ्यांच्या घरात डोकं कोरडं ठेवून माणूस बाहेर पडतो तो फक्त सुतकात, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नाही. नरहरीच्या हाताच्या ते ध्यानात होतं.

गाडीत बसल्यावर त्यानं केसांवरून हात फिरवला. बोटं नाकाशी नेली.

"कोन मेलं?"

"कोनी नाही जी मेलं. डोक्याची तपासनी हाय."

"डोकं कोरडं हाय माह्यं. कोन मेलं, सांग."

तेलीबांध्याच्या तलावापर्यंत त्यानं तेच विचारलं. दवाखान्याच्या बाकावरही तेच. आवाज चढत गेला. बसलेली माणसं सरकून बसली. "शंकर मेला काय? माहा भाऊ मेला काय? सांगत काहून नाही?"

सुशीलचा संयम सुटला. "हव, मर गए ताऊजी! चार साल हो गए. आग आप ही ने तो दी थी!"

नरहरी एकदम गप्प झाला. इंदूबाईंनी पोराकडे असं बघितलं की तो उठून पाण्याच्या मशीनकडे गेला. शंकरभाऊंना खरंच चार वर्षं झाली होती. पण नरहरीसाठी ते आत्ता, या बाकावर, या मिनिटाला मेले होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि जबडा हलू लागला.

आतल्या खोलीत चेतनानं त्याला पलंगावर निजवलं. टेपनं डोकं मोजलं, लाल पेन्सिलीनं खुणा केल्या, खरखरीत मलमानं एकेक जागा घासली आणि वायरी चिकटवत गेली. त्यानं सगळं करू दिलं. इंदूबाईंना वाटलं, निभलं.

"काका, आता डोळे मिटा."

त्यानं मिटले. मग उघडले. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटाकडे गेली.

"पोरी, बाजूला हो!" इंदूबाई ओरडल्या.

चेतनाला वळायलाही वेळ मिळाला नाही. नरहरी उठला, वायरींचा झुबका मुठीत धरून त्यानं उपटला, त्याबरोबर केसांची बटही आली. वायरी ज्या डबीत जोडलेल्या होत्या ती डबी त्यानं फिरवली आणि पोरीच्या गालावर हाणली. ती स्टुलासकट आडवी झाली. "माह्या भावाले जाळून आले! आन् मले सांगत नाही!" इंदूबाई मधे शिरल्या. त्यानं त्यांचा प्लास्टरचा हात पकडला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटला. एकदा, पुन्हा एकदा. प्लास्टर तडकलं. इंदूबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. लाथ मांडीवर बसली. तेवढ्यात सुशील आणि दाराशी उभा असलेला गार्ड आत आले, त्यांनी त्याला फरशीवर पालथा पाडला आणि गार्डनं पाठीवर गुडघा रोवला. नरहरीचं नाक फुटलं. फरशीला गाल टेकून तो रडत होता, "शंक्या, शंक्या रे."

सगळं शांत झाल्यावर डॉक्टर भार्गव आले. इंजेक्शन देऊन झोपवून काढता येईल का, असं सुशीलनं विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. औषधानं लहरींची चाल बदलते, मग आजाराचं काय आणि औषधाचं काय, हे कळत नाही.

चेतना गालाला बर्फ लावून बाहेर बसली होती. गालाखालचं हाड निळं पडत चाललं होतं. इंदूबाई तिच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"बसा काकू," ती म्हणाली. "तुमच्याकडं पाव्हन्याले चहाच्या आधी हेच देतात काय?"

इंदूबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. लाटण्याच्या दिवसापासून पहिल्यांदा त्या रडल्या. सुतकाचं त्यांनी तिला आत्ता सांगितलं.

"हे आधी सांगाचं ना! बरं, घरी काका शांत कशानं होतात?"

"तेलानं. डोक्याले तेल चोळून देल्लं का होतात."

"घ्या! नेमकं तेच मले नको." चेतनानं बर्फ दुसऱ्या हातात घेतला. थोडा विचार केला. "डोक्याले नको, काकू. पायाले लावलं तं मले काय करायचं?"

दुसऱ्या खेपेला इंदूबाईंनी डोकं आदल्या संध्याकाळीच धुतलं आणि त्याच्या हाताला केस लागू नयेत म्हणून गमछा घट्ट बांधून दिला. कारखान्यात तो तसाच बांधायचा, तेव्हा त्याला ते खपलं. दवाखान्यात त्या पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसल्या, तळव्यांना तेल लावलं आणि घरून आणलेली काशाची वाटी धडक्या हातानं तळव्यावर फिरवू लागल्या. तेल काळं होऊ लागलं. नरहरीच्या पायाची बोटं सैल पडली. मागे चेतनानं गमछा सोडला आणि आवाज न करता वायरी चिकटवल्या.

"काकू, आता वाटी थांबवा. हलू नका. काका, डोळे मिटा, झोपू नका."

पडद्यावर ओळी धावू लागल्या. इंदूबाईंना त्यातलं काही समजत नव्हतं. त्यांच्या हातात नरहरीची टाच होती, मोठी, कडेनं भेगाळलेली. हीच टाच. पहिलं मूल हिनंच नेलं होतं. काशाची वाटी जड असते, उचलून घोट्यावर घातली तर म्हाताऱ्याचं हाड टिकायचं नाही. हा विचार त्यांच्या मनात नीट, सबंध आला, घाईनं नाही. हाडाचा आवाज कसा येईल हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी मनात देवीचं नाव घेतलं, वाटी जमिनीवर ठेवली आणि चेतना बास म्हणेपर्यंत तो पाय नुसता धरून बसल्या.

आठवड्यानं डॉक्टरांनी बोलावलं. कागदावरच्या ओळींवरून त्यांनी बोट फिरवलं. मिरगीचे झटके यात कुठे दिसत नाहीत, ते म्हणाले. डोळे मिटून जागं पडलेल्या माणसाच्या मेंदूच्या लहरी एका ठरावीक चालीनं येतात. बाबूजींच्या त्याहून बऱ्याच संथ आहेत. एवढ्या एका कागदावर आजाराचं नाव ठरत नाही, पण आठवणीची परीक्षा, डोक्याचा फोटो आणि ह्या लहरी एकत्र ठेवल्या की बहुतेक अल्झायमरच. विसरण्याबरोबर स्वतःला आवरायची ताकदही जात राहील. औषध सुरू करू, राग थोडा उतरेल, आजार जाणार नाही.

इंदूबाईंनी विचारलं, "इसमें दिखता है क्या, मारा किसने? बीमारी ने कि इन्होंने?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "माताजी, ये किसी मशीन में नहीं आता."

परतताना इंदूबाई गाडीच्या काचेतून बाहेर बघत होत्या. आवरायची ताकद. म्हणजे इतकी वर्षं नरहरी आवरत होता. रोज आवरत होता, ताटं फोडून, बोटं मोडून घेऊन. आवरणारा नरहरीच होता, मारणाराही नरहरीच. आता त्यातला आवरणारा निघून चालला होता आणि मारणारा घरात राहणार होता. देवीला दिलेला शब्द यातल्या कोणाबद्दल होता, ते त्यांना ठरवता येईना.

सुशील-राधिकेचं मात्र लगेच ठरलं. घरात पाय टाकताच राधिकेचे डोळे भरून आले. "बेचारे पापाजी. बीमार हैं और हम क्या क्या सोच रहे थे. मम्मीजी, बीमार आदमी की मार का क्या बुरा मानना. आपके ही हाथ से तो शांत रहते हैं."

"और आश्रम अब अच्छा नहीं लगेगा, आई," सुशील म्हणाला. "लोग क्या बोलेंगे, बीमार बाप को छोड़ दिया. तू है ना यहाँ. हम आते-जाते रहेंगे."

इंदूबाई पदरानं घाम पुसत होत्या, त्या थांबल्या.

"पयले तो मारनारा होता, तवा मले घेऊन चालले होते. आता तो बिमार हाय, तं मी इथंच बसून मार खाऊ? हात तं तोच हाय ना रे? माह्यं हाड काय नाव इचारून मोडते?"

राधिकेनं डोळे पुसले.

"तू राह्य इथं," त्या पोराला म्हणाल्या. "सुट्टी काढ. पाह्य एकदा काय असते ते. मंग मी सांगतो माह्यं."

सुशीलनं सुट्टी काढली. औषध सुरू झालं, अजून लागू पडत नव्हतं. पहिल्याच दिवशी पितळी पेला त्याच्या डोक्यावरून भिंतीवर गेला. मग नरहरीनं त्याला चोर समजून त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला, दातांच्या खुणा उमटल्या. सुशील दात खाऊन राहिला. शेजारच्या रमाबाई कुंपणावरून विचारायच्या, "काय सुशीलभैया, हायेस काय अजून?" तो आत निघून जायचा. इंदूबाई आपल्या खोलीला आतून कडी घालून निजत, आणि घरात असताना नरहरी आणि आपल्यामध्ये एक दार ठेवत.

रविवारी सकाळी सुशील वडिलांना आंघोळ घालत होता. घाईत होता. गरम पाणी जरा जास्तच गरम पडलं. इंदूबाईंनी आधी लोट्याचा खणखणाट ऐकला, मग सुशीलची शिवी, आणि मग दोन चापटांचे आवाज, ओल्या अंगावरचे, एकामागून एक.

त्या मोरीच्या दाराशी पोचल्या. सुशीलच्या भुवईतून रक्त गळत होतं. एका हातानं त्यानं बापाचा गळा भिंतीशी दाबून धरला होता आणि दुसऱ्या हाताची मूठ वर गेली होती. सात वर्षांचा असताना दाराआडून जे बघितलं, ते सगळं त्या हाताला पाठ होतं.

इंदूबाईंनी बऱ्या हातानं ती मूठ धरली. नखं रुतली.

"सोड त्याले."

"खून निकाल दिया इसने, देख! देख तू!"

"देखलं. मी तं जलमभर देखलं. त्याच्या डोक्याचा कागद डॉक्टरकडं हाय, सुशील. तुह्या डोक्याचा कोनता कागद हाय? तुह्या लहरी तं ठीक हायेत ना? मंग हा हात तुहाच हाय. पुन्यांदा पडला तं ठान्यात जाऊन मी सांगन, पोटचा म्हनून पाह्यनार नाही."

सुशीलचा हात खाली आला. तो अंगणात गेला आणि तुळशीजवळ उकिडवा बसला. रक्त पुसायचंही त्याला सुचलं नाही.

नरहरी भिंतीशी कुडकुडत उभा होता, कान लाल, डोळे मोठे. इंदूबाईंनी गार पाणी मिसळलं, बघितलं, आणि दाराकडची बाजू मोकळी ठेवून खांद्यावर एक तांब्या ओतला.

"कोन होता तो?" त्यानं विचारलं.

"होता एक जन."

"तुले मारते काय तो?"

इंदूबाईंनी दुसरा तांब्या भरला. "मारत होता. पुष्कळ मारत होता."

"मंग सोडून काहून नाही देत त्याले?"

आवाजात राग नव्हता, कपटही नव्हतं. मेथी महाग मिळाली तर दुसऱ्या दुकानात काहून नाही गेली, असं तो पूर्वी विचारायचा, तसं विचारलं.

"पोट्टा लहान होता," इंदूबाई म्हणाल्या.

"आता?"

"आता मोठा झाला."

"मंग जा," नरहरी म्हणाला आणि पाण्यासाठी पाठ पुढे केली.

इंदूबाईंनी आंघोळ पुरी केली. अंग पुसलं, कपडे चढवले, त्याला खुर्चीवर बसवलं, आणि सुशीलला आत बोलावून भुवईला हळद दाबायला लावली. मग बसल्या नाहीत, उभ्या राहूनच बोलल्या.

"मी तेलीबांध्याले जातो. तुह्या बाबाले हलवाचं नाही, हे घर त्याचं हाय, तो इथंच राहीन. दिवसाचा एक मानूस ठेव, रात्रीचा एक. रोज सकाळी मी येतो, मानूस घरात असन तेव्हा. जेवाले देतो, पाय चोळून देतो, औषध पाह्यतो. पन एकटी याच्यासंग राहनार नाही आन् या घरात निजनार नाही."

"आई, वो बीमार..."

"हव. म्हनून तं रोज येतो. नाही तं आलीच नसती."

सुशील बापाकडे बघत राहिला आणि मग मान खाली घालून, पहिल्यांदाच मराठीत म्हणाला, "बरं."

इंदूबाई देवघराकडे गेल्या. लग्नात माहेरून आणलेली अन्नपूर्णा त्यांनी उचलली, कपाळाला लावली आणि धुतलेल्या रुमालात गुंडाळली. बाकीचे देव घाटोळ्यांचे होते. त्यांच्यासमोर दिवा लावला, नमस्कार केला आणि ते तिथेच राहू दिले. बाहेर नरहरी खुर्चीवरून हाका मारत होता, ताट कुठं हाय म्हणून. आवाज चढत होता.

"सुशील," इंदूबाई पायांत चपला सरकवत म्हणाल्या, "ताट वाढ त्याले. समोर उभा नको राहू, बाजूनं ठेव."

आणि त्या दार ओढून निघाल्या.